न वाजणारा डबा

२८ सप्टेंबर, रविवार

सुरभी बंगलोरला परत गेली. माझ्या भावाच्या, भगवानच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस माझ्याकडे आली होती. त्यातला निम्मा वेळ बापाच्या डोळ्याजवळ बसली आणि उरलेला बाभुळगावच्या शेतात हात वर करून फोनला नेटवर्क मिळतं का बघत फिरली. म्हणे हेच तिचं ऑफिसचं काम. मोबाइल कंपनी हात वर करण्याचा पगार देते हे आधी कळलं असतं, तर मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली नसती.

घर रिकामं वाटतंय. बरंच झालं. उद्यापासून पहाटे फिरणं. इंग्रजी वाचन. कॉलनीतल्या बायकांशी कमी बोलणं. विशेषतः शेजारच्या वर्षाशी.

२९ सप्टेंबर, सोमवार

पहाट हुकली. दहाला सुरभीचा फोन, आवाज रडवेला. आत्या, टीव्हीच्या मागच्या प्लगला माझा एक फोन राहिला का गं?

राहिला होता. काळं जाड कव्हर, दिसायला अगदी कुणाचाही.

तो कुणाचाही नाही म्हणे. तो अजून बाजारातच आलेला नाही. पंधरा ऑक्टोबरला येणार. त्याच्या आत तो कुणी पाहिला, फोटो काढला, नुसतं त्याच्याबद्दल बोललं, तरी सुरभीची नोकरी जाईल. कुरिअरने पाठवायचा नाही. तिला पंधरापर्यंत रजा नाही. कंपनीचा माणूस दहा तारखेला येऊन घेऊन जाईल. तोवर बंद करून ठेव आणि प्लीज, आत्या, कुणाला सांगू नको.

कुणाला सांगू नको! मला! अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याचे ट्रंक कॉल माझ्या कानातून गेले आहेत. कुणाची सोयरीक मोडली, कोणत्या जिनिंगवाल्याने कापसाचा भाव पाडला, कोणते डॉक्टर कुणाच्या बायकोला रोज हवापाणी विचारायचे. एक शब्द बाहेर गेला नाही. डॉक्टरांचं मी फक्त वहिनीला सांगितलं होतं, आणि वहिनी घरचीच.

राखायचं तर काय राखते आहे ते मला कळलं पाहिजे, असं मी सुरभीला सुनावलं. नाइलाजाने तिने तीन गोष्टी सांगितल्या. स्क्रीन दोन्ही बाजूंनी. टॉवर नसला तरी बोलता येतं. आठवड्यातून एकदा चार्ज केलं की पुरे. इथे लिहून ठेवते, म्हणजे तोंडातून जायला नकोत.

फोन कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला. वर्षाच्या मोगरा महिला मंडळाने संक्रांतीला कॉलनीत घरटी एक वाण म्हणून वाटला, तोच डबा. झाकणावर मंडळाचं नाव कोरलेलं. प्रत्येक घरात अगदी अस्साच एक आहे. इतकी सामान्य वस्तू की चोराचीही नजर जाणार नाही. याला डोकं म्हणतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

फिरायला गेले नाही. फोन घरी ठेवून जाणं धोक्याचं, सोबत नेणं त्याहून धोक्याचं. बँकेचं कामही राहिलं.

भिंतीवरून वर्षा. काहून ताई, फिराले नाई आल्या? गुडघा, म्हटलं. हे खोटं नव्हे. गुडघा मला आहे आणि माझ्या वयाला तो दुखू शकतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, खोटं कधी बोलू नये, पण प्रत्येक खरं बोललंच पाहिजे असंही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

गुडघ्याला भेटायला माणसं येऊ लागली. वर्षा निर्गुडीचा पाला घेऊन आली. कोपऱ्यावरच्या मानीबाई तेल घेऊन आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, कोनता गुडघा, बेबीताई?

माझं नाव वसुंधरा आहे. एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर झाले तरी बेबी, रिटायर झाले तरी बेबीताई. असो.

वर्षाला काल बहुतेक डावा सांगितला होता. लंगडत होते उजव्याने. म्हटलं, दोन्ही. मानीबाई म्हणाल्या, अरे देवा. आता दोन्ही पायांनी लंगडते आहे. म्हणजे नुसती हळू चालते, पण चेहरा त्रासिक ठेवावा लागतो.

२ ऑक्टोबर, दसरा

दिवसभर लोक आपट्याची पानं घेऊन येत राहिले. मी डबा ठेवलेल्या फडताळापुढे खुर्ची टाकून बसले होते. सगळे म्हणाले, तुम्ही उठू नका. मी उठणारच नव्हते.

कुणाला सांगितलं नाही. भगवानला फोनवर एवढंच म्हटलं की सुरभीची एक मोलाची वस्तू माझ्याकडे ठेवलेली आहे, काय ते विचारू नको. त्याने विचारलंच. सोनं केलं का पोरीनं? मी म्हटलं, सोन्याहून मोठी. तो म्हणाला, मंग काय, फुटाने?

हा आमचा जुना विनोद. लहानपणी घरी भुलाबाई बसायची. मुलींची गाणी झाली की बंद डब्यातला खाऊ कानाशी हलवून ओळखायचा. भगवान मुलगा, पण खाऊसाठी मुलींत घुसायचा, आणि डब्यात काहीही असो, म्हणायचा, फुटाणे. एकदाही बरोबर आला नाही. अजून तसाच आहे. सुरभीची अक्कल माझ्यावर गेली. कॉलेजची सगळी वर्षं माझ्याच घरी राहून शिकली, उगाच नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

संकट. कोजागिरीला मंडळाची भुलाबाई असते. गुडघ्यामुळे मी सुटले असं मी धरून चालले होते. वर्षा आली आणि म्हणाली, तुमी नाई येऊ शकत तं आमी भुलाबाईच तुमच्या घरी आणतो!

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुमी फक्त खुर्चीवर बसा. मी म्हटलं, घर आवरलेलं नाही. म्हणाली, आमी आवरतो. मी म्हटलं, पाणी नाही. म्हणाली, आमच्या घरून पाईप टाकतो. या बाईला नकार ऐकूच येत नाही, तेवढी एकच फ्रिक्वेन्सी तिच्या कानाला नाही.

वर शेखी. या वर्षी माझा खाऊ कोणी ओळखूनच दाखवा, ताई. हलवला तरी वाजनार नाई असा बंदोबस्त केला.

तिला काय माहीत, माझ्या घरात त्याहून मोठा बंदोबस्त आहे. मी नुसती हसले. ती म्हणाली, काहून हसल्या? मी म्हटलं, सांगता येत नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी. संध्याकाळ.

सगळे गेले. परिस्थिती माझ्या हाताबाहेर एक क्षणही गेली नाही. क्रमाने लिहिते.

पंधरा-सोळा बायका. शिवाय वर्षाचा दीर पिंटू, चाळिशीचा घोडा. पेपरातली नोकरी गेल्यापासून मोबाइलवर 'पिंटू लाइव्ह' नावाच्या बातम्या चालवतो. बायकांच्या कार्यक्रमात हा कशाला, असं मी विचारलं. वर्षा म्हणाली, लाइव्ह करून राह्यला, ताई, दारव्ह्यापर्यंत लोक पाहतात.

गाणी झाली. डबे ओळीत मांडले. सगळे मंडळाचे, सगळे सारखे, जसं काही शाळेत हजेरी. एकेक डबा हलवून ओळखला. चिवडा, शेव, पेढे. मग वर्षा म्हणाली, बेबीताईंचा राह्यला! मी उठायच्या आत तिने फडताळातून डबा काढून आणला. (उठायच्या आत, कारण माझे दोन्ही गुडघे दुखत होते.)

तिने कानाशी धरून हलवला. मानीबाईंनी हलवला. सगळ्यांनी हलवला. शांत. वर्षाचा चेहरा पडला, कारण न वाजणारा खाऊ तिचा एकटीचा असायचा होता. मग पिंटूच्या मोबाइलकडे तोंड करून म्हणाली, रिकामा हाये डबा. ताईनं काही ठेवलंच नाई आत.

रिकामा! माझ्या घरात रिकामा डबा! दारव्ह्यापर्यंत!

मी म्हटलं, रिकामा नाही. खायची वस्तू नाही एवढंच. तुम्हाला सात जन्मांत ओळखता येणार नाही.

मग त्या मागेच लागल्या. सांगा ना, ताई, एखादा इशारा. खेळाचा नियमच आहे तसा. मी म्हटलं, बंगलोरहून आली आहे. सगळ्या एका सुरात, म्हैसूरपाक! मी म्हटलं, खायची नाही म्हणून सांगितलं ना. दोन्हीकडून तोंड आहे तिला. मागून कुणीतरी म्हणालं, मंग आमची जाऊ असंन. मी म्हटलं, टॉवर नसला तरी बोलते. मानीबाई म्हणाल्या, हे तं माह्या सासूबाईचं वर्णन हाये, फक्त त्या गेल्या. मी म्हटलं, आठवड्यातून एकदाच जेवते. शनिवार करते का मंग? असा हशा.

इतकं सोपं करून सांगितलं तरी एकीलाही येईना. या बायकांना विचार करायची सवयच नाही. मी म्हटलं, पंधरा तारखेला अख्ख्या देशाला कळेल, तेव्हा बसा कपाळावर हात मारत.

पिंटू तेवढा हसत नव्हता. मोबाइल माझ्याजवळ आणून म्हणाला, मावशी, ते टॉवरचं पुन्हा सांगा बरं एकदा. स्पष्ट उच्चारात सांगितलं. बोलायचं तर नीट बोलावं.

मग वर्षा झाकणाला हात घालू लागली. मी गुडघा धरून ओरडले. असं ओरडले की सगळ्या उभ्या राहिल्या. कार्यक्रम तिथेच संपला. वर्षाचा खाऊ ओळखायचा राहूनच गेला. ती तोंड पाडून डबा काखेत मारून गेली. मी माझा डबा उचलला, फडक्यात बांधला, गाठी मारल्या, फडताळाला कुलूप लावलं.

डबा उघडला गेला नाही. वस्तूचं नाव मी एकदाही घेतलं नाही. याला डिस्क्रिशन म्हणतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मानीबाईंनी मोबाइलवर पिंटूची बातमी पाठवली. माझा फोटो, तोंड उघडं. वर लाल अक्षरांत: बेबीताईंच्या डब्यात दडलंय काय? खाली हजारो लोकांनी उत्तरं लिहिली आहेत. बहुतेकांनी फोन असं लिहिलं आहे. पण त्यांनी अंदाज केला, मी सांगितलं नाही, यात फरक आहे.

सकाळी वर्षा फाटकाशी. हातात डबा. लाच. मी दार उघडलं नाही. काल अपमान करायचा आणि आज खाऊ घेऊन यायचं, हे मला चालत नाही.

दुपारी पुन्हा आली. तोच डबा. खिडकीतून खूण केली, झोपले आहे. खूण केली म्हणजे झोपलेली नाही हे तिला कळलं असावं.

फाटकाला आतून कुलूप.

८ ऑक्टोबर, बुधवार

फोटो आले आहेत. आधी पिंटूकडे, मग पुण्याच्या कुठल्याशा वेबसाइटवर, दुपारी दिल्लीच्या टीव्हीवर. काळं कव्हर काढलेला फोन, इकडूनही स्क्रीन, तिकडूनही स्क्रीन. निवेदिका म्हणाली, महाराष्ट्र के यवतमाल से.

साफ बनावट. फोन माझ्या फडताळात कुलपात आहे, तर फोटो येईल कुठून? कॉम्प्युटरवर काहीही करतात आजकाल. हुशारी बघा, फोटोच्या कोपऱ्यात मंडळाचा स्टीलचा डबासुद्धा दाखवला आहे, खरं वाटावं म्हणून.

सुरभीचा फोन. आवाज ओळखू येईना. आत्या, फोन कुठे आहे? मी म्हटलं, माझ्यासमोर. नक्की? मी म्हटलं, सुरभी, तुझ्या आत्याने आयुष्यात कुणाला चुकीचा नंबर जोडून दिलेला नाही. ती म्हणाली, एकदा उघडून बघ ना. मी म्हटलं, नको. तूच म्हणालीस कुणी पाहायचा नाही. गाठी जशाच्या तशा आहेत. माझा शब्द आहे.

ती जरा शांत झाली. म्हणाली, मग मी तसं लिहून देते. फोन सुरक्षित आहे, फोटो खोटे आहेत. मी म्हटलं, दे. ठणकावून दे. आपल्या घराण्यात शब्दाला किंमत आहे.

मला अभिमान वाटला. दोघींचाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाहेर मोटारसायकली, एक गाडी, तीन माइक. नागपूर, अमरावती कुठून कुठून आले आहेत. मी पडदे ओढून बसले आहे. दूध खिडकीच्या गजांतून घेतलं, पातेलं आडवं येईना म्हणून पेल्या-पेल्याने. भाजी संपली. गुडघा कुणी बघत नसतानाही लंगडते आहे. सवय लागली असावी. खरं तर सकाळपासून डावा खरंच दुखतो आहे. उजवाही.

एक माइकवाला भिंतीवरून ओरडला, मॅडम, फोन तुम्हाला कोणी दिला? मी आतून इंग्रजीत सांगितलं, नो कॉमेंट. तो म्हणाला, म्हणजे फोन आहे! मी म्हटलं, मी फोन म्हटलंच नाही, तूच म्हणालास, कायले तोंडी शब्द घालतं माह्या? रागावले की माझ्या तोंडी वऱ्हाडी येतं. सिस्टर फिलोमिनांनी त्यासाठी मला बाकावर उभं केलं होतं. आता सगळ्या चॅनलवर तेवढंच वाक्य फिरतं आहे.

संध्याकाळी वर्षा गर्दीतून वाट काढून खिडकीपर्यंत आली. डबा डोक्यावर धरलेला. ताई, आयका ना, डबा... एवढं ऐकलं आणि रेडिओ मोठा केला. डब्याचं नाव काढलं की मी समजते, ही पिंटूची चाल. मला बोलतं करून डबा बाहेर काढायला लावायचा. मी एवढी भोळी नाही.

उद्या दहा तारीख. उद्या सगळ्यांची तोंडं बंद होतील.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कंपनीचे गृहस्थ आले. धर्मपाल. नागपूरच्या ऑफिसचे. मी इंग्रजीतून स्वागत केलं, चांगलं अर्धं पान भरेल एवढं. ते म्हणाले, मराठीत बोला, मॅडम, मी दारव्ह्याचा हाओ.

फडताळ उघडलं. फडकं दाखवलं, गाठी दाखवल्या. त्यांनी मान डोलवली. मग डबा हातात घेतला, थोडं थांबले आणि, का कोण जाणे, कानाशी नेऊन हलवला. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, मॅडम, याच्यात लाडू हायेत वाट्टे.

मी म्हटलं, असं कसं. म्हणाले, वजन सरकून राह्यलं ना, गोल गोल. माह्या बहिनींची भुलाबाई असायची.

मी म्हटलं, उघडा. त्यांनी उघडला.

जुन्या ओढणीचे तुकडे. एकेका तुकड्यात एकेक बेसनाचा लाडू.

दारात वर्षा उभी होती. धर्मपालांच्या मागून आत शिरली असावी. तिच्या हातात डबा. ताई, चार दिवसांपासून आणून राह्यली मी. कोजागिरीच्या दिवशी डबे बदलले. घरी उघडला तं कापूस आन् फोन. मले वाटलं, हाच तुमचा खाऊ, ओळखला बाई एकदाचा! पिंटूनं तिथंच फोटो काढले, त्याले मी लय बोलली. पन तुमी दार उघडता कोठं?

मी तिला म्हटलं, भिंतीवरून ओरडून सांगता येत नव्हतं? ती म्हणाली, इतके माइक होते, ताई. सुरभीचं नाव कसं घेऊ?

धर्मपालांनी फोन कापसासकट एका पाकिटात घातला. पाणी घेतलं. वर्षाने लाडू पुढे केला, तो खाल्ला. पोर्च उतरता उतरता म्हणाले, हरवला असता, बाहेर आला असता, तं एक वेळ निभलं असतं. पन सुरभी मॅडमनं लिहून देल्लं ना, की सुरक्षित हाये म्हनून. ते जरा... गाडीत बसले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुरभी फोन उचलत नाही. कामात असेल. पंधरा तारीख जवळ आली.

शांतपणे विचार केला. वस्तूचं नाव मी घेतलं नाही. डबा मी उघडला नाही. फोटो मी काढले नाहीत. दोष कुणाचा असेल तर घरोघर सारखे डबे वाटणाऱ्या मंडळाचा. वेगवेगळे वाटले असते तर हे झालं नसतं. तसं वर्षाला ऐकवायला भिंतीपर्यंत गेले. जाताना खरोखर लंगडत होते. तिने निर्गुडीचा पाला दिला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फोनचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. मोठा रंगमंच, काळ्या कपड्यातला माणूस. म्हणाला, याच्याबद्दल तुम्हाला आधीच सगळं ठाऊक आहे. लोक हसले. टाळ्या वाजवल्या. चांगला खपेल असं दिसतं. माझ्यामुळे फुकट जाहिरात झाली, हे कुणी कबूल करणार नाही.

सुरभी कुठे दिसते का बघत होते. दिसली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुरभी आली. दिवाळीला आले म्हणाली. दोन बॅगा आणि उशी. दिवाळीला कुणी उशी घेऊन येतं का? मी विचारलं नाही.

जेवताना तिनेच सांगितलं. राजीनामा दे म्हणाले, दिला. मला एक शब्द बोलली नाही. मी ऐकून घ्यायची तयारी करून बसले होते. उत्तरंही काढून ठेवली होती, मंडळाच्या डब्यांपासून. एकही लागलं नाही. फक्त म्हणाली, आत्या, बाबांना एवढ्यात सांगू नको. डॉक्टरांनी महिनाभर रडायचं नाही म्हणून सांगितलंय. डोळा अजून ओला आहे.

मी शब्द दिला. ती आतल्या खोलीत जाऊन झोपली.

चारला भगवानचा फोन. सुरभी आली म्हने? एवढ्या लवकर कशी? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.

लग्न ठरवून राह्यली का? मी म्हटलं, नाही.

बिमार हाये का? मी म्हटलं, छे, तब्येत उत्तम, उशीसुद्धा घेऊन आली आहे.

जन्मभर फुटाणे म्हणणारा माणूस.

म्हणाला, बाई, नोकरी गेली का पोरीची?

मी काहीच सांगितलं नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, डोळ्यात थेंब घाल, आणि फोन ठेवला.